भिंतीवरचे दोन आकडे: ॲलन कुलविकी, स्वतःच चालक, स्वतःच मालक

प्रश्न असा आलाय: "सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या टीममध्ये गाडी बनवतो आणि चालवतोही. पुढे स्वतःची टीम काढून स्वतःच चालवायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात, असं कुठे कुणी केलंय? अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगमध्ये चालक-मालक असतात असं ऐकलंय. त्यातला कुणी खरंच चॅम्पियन झाला का? कसा झाला? आणि डिग्री पूर्ण करू की आत्ताच उडी घेऊ?"

मुलाच्या वयाचा आहेस, तेव्हा अरे-तुरे करतो. वीसेक वर्षं रेसच्या गाड्या तयार करतोय. त्यातली पाच वर्षं मी पण तोच उद्योग केला, मालक मीच आणि स्टिअरिंगवरही मीच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमच्या गॅरेजमध्ये कंप्रेसरच्या वर भिंतीवर दोन आकडे रंगवलेले आहेत, १०३ आणि १०२. नवा पोरगा कामाला आला की हमखास विचारतो, "दादा, हे कुठल्या बोल्टचे टॉर्क?" ते टॉर्क, म्हणजे बोल्ट किती आवळायचा त्याचे आकडे, नाहीत. १५ नोव्हेंबर १९९२ ला अटलांटात दोन गाड्या किती किती लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, सगळ्यांच्या पुढे होत्या, तो हिशेब आहे. वर्षभराच्या २९ रेस झाल्यावर एवढ्याशा फरकावर त्या वर्षीची विन्स्टन कप, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगची सगळ्यात मोठी चॅम्पियनशिप ठरली. १०३ वाला ॲलन कुलविकी. गाडी त्याची, टीम त्याची, पगार देणारा तोच आणि हेल्मेट घालून आत बसणाराही तोच.

स्टॉक कार तू व्हिडिओत पाहिली असशील. दिसायला शोरूमच्या गाडीसारखी, पण पत्र्याच्या आत सगळा नळ्यांचा सांगाडा. त्या काळात आठ सिलिंडरचं ५.८ लिटरचं इंजिन, कार्बोरेटर, चार गिअर आणि दीड टनाच्या वर वजन. ट्रॅक बहुतेक अंडाकृती, वळणं सगळी डावीकडे. लोक हसतात, "नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय एवढं?" दीड टनाची गाडी तीनशेच्या आसपास वेगात चाळीस जणांच्या गर्दीत तीन-साडेतीन तास डावीकडे वळवत ठेवायची. उजवीकडचे टायर घासत जातात, टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसा गाडीचा तोल बदलतो, ऊन उतरलं की डांबराची पकड बदलते. दहा लॅपपूर्वी लोण्यासारखी चालणारी गाडी आता नाक भिंतीकडे नेते. मग पिटमध्ये, म्हणजे रेसमध्ये टायर-पेट्रोलसाठी थांबतात तिथे, मागच्या स्प्रिंगवरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा की टायरची हवा थोडी कमी करायची, हे पंधरा-वीस सेकंदांत ठरवावं लागतं. या खेळात डोकं चालवायला भरपूर वाव आहे.

आता मालकीचं. या खेळात मालक होण्याची एक रुळलेली वाट आहे. आधी चालव, नाव कमव, मग हेल्मेट खुंटीला टांग आणि दुसऱ्याला बसव. त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे ज्युनियर जॉन्सन. जन्म १९३१, नॉर्थ कॅरोलायनातली विल्क्स काउंटी. आपल्याकडच्या हातभट्टीला शोभेल असा त्या भागातला जोडधंदा होता, डोंगरात दारू गाळायची आणि रात्री गाडीत भरून शहरात पोहोचवायची. पोलिसांच्या पुढे राहायचं म्हणून गाड्या वेगवान केल्या जायच्या आणि रविवारी त्याच गाड्या एकमेकांविरुद्ध पळायच्या. जॉन्सन रस्त्यावर कधी सापडला नाही. १९५६ मध्ये पकडला गेला तो बापाच्या भट्टीवर, तुरुंगातही जाऊन आला. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

चालक म्हणून त्याच्या नावावर ५० विजय आहेत. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये त्याची शेव्हरले गाडी पाँटियाक गाड्यांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं की पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटलं की आपली गाडीही तिच्याबरोबर ओढली जाते. तो तसाच चिकटून राहिला आणि रेस जिंकला. आज ज्याला ड्राफ्टिंग म्हणतात ते त्याने असं नुसत्या अंगाने ओळखलं होतं, वाऱ्याच्या बोगद्यात मोजून नव्हे. १९६६ मध्ये, पस्तिशीतच, त्याने चालवणं थांबवलं आणि पुढे मालक म्हणून सहा चॅम्पियनशिप मिळवल्या. केल यारबरो याच्याबरोबर १९७६, ७७, ७८ आणि डॅरेल वॉलट्रिपबरोबर १९८१, ८२, ८५. एका वेळी एकच टोपी डोक्यावर ठेवायची, हा त्याचा मार्ग. हे नाव लक्षात ठेव, पुढे परत येणार आहे.

कुलविकीने दोन्ही टोप्या एकदम घातल्या.

जन्म १४ डिसेंबर १९५४, विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीजवळचं ग्रीनफील्ड. घराणं पोलिश वंशाचं. वडील रेसची इंजिनं बांधायचे, पण पोराने त्यात पडावं असं त्यांच्या मनात नव्हतं. (इंजिन बांधणाऱ्या बापाला त्यातला पैसा किती आणि काळजी किती, हे चांगलं माहीत असतं.) कुलविकीने आधी कार्ट, मग मातीचे ट्रॅक, मग डांबरी ट्रॅक असं स्थानिक रेसिंग केलं आणि ते करता करता १९७७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिल्वॉकी शाखेतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्या काळी विन्स्टन कपच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, पदवीधर चालक म्हणजे नवलाईच. बाकीचे गाडी बुडाने ओळखायचे. हा बुडाने ओळखून शिवाय कागदावर मांडायचा.

१९८५ मध्ये त्याने जवळपास सगळं विकून शार्लटची वाट धरली. शार्लट म्हणजे या खेळाचं माहेर, सगळ्या मोठ्या टीमची गॅरेजं त्याच परिसरात. निघायच्या दोन दिवस आधी वायरिंगमुळे आग लागली आणि सामान न्यायचा ट्रक जळून गेला. दुसऱ्याचा ट्रक मागून आणला, त्यात मावेल तेवढं सामान भरलं आणि निघाला. त्या वर्षी दुसऱ्या एका मालकाच्या गाडीत पाच रेस केल्या. पुढच्या वर्षी त्या मालकाने हात काढून घेतला, तेव्हा कुलविकीने ती टीम स्वतःकडे घेतली. भांडवल किती, तर एक गाडी, दोन इंजिनं आणि पूर्णवेळ माणसं दोन. त्या वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, नवोदितांमधला सर्वोत्तम चालक तोच ठरला.

एक गाडी आणि दोन इंजिनं म्हणजे काय, ते कागदावर वाचून कळत नाही. शनिवारी सरावात भिंतीला लागलास तर रात्रभर तीच गाडी सरळ करायची, कारण दुसरी नाहीच. त्यामुळे प्रत्येक वळणावर गाडी किती टाकायची याचा विचार करताना मनात पत्र्याची किंमत येते. समोरच्याच्या मनात ती येत नाही, कारण त्याचा पत्रा मालकाचा असतो.

पहिला विजय नोव्हेंबर १९८८ मध्ये, फिनिक्सला. शेवटी शेवटी पुढे असलेल्या रिकी रडच्या गाडीने दगा दिला आणि कुलविकी पुढे आला. झेंडा पडल्यावर त्याने गाडी वळवली आणि उलट्या दिशेने एक फेरी मारली. उलट का? अमेरिकन गाडीत चालक डावीकडे बसतो. नेहमीच्या दिशेने गेलं तर त्याची खिडकी मैदानाच्या आतल्या बाजूला येते. उलट गेलं की खिडकी प्रेक्षकांकडे, त्यामुळे हात हलवता येतो आणि लोकांना चेहरा दिसतो. स्वतःच्या वंशाची थट्टा स्वतःच करत त्याने तिला पोलिश व्हिक्टरी लॅप म्हटलं. एवढ्याशा गोष्टीतसुद्धा या माणसाने भूमिती पाहिली होती.

१९९० च्या शेवटी झेरेक्स हा प्रायोजक गेला आणि त्याच वेळी ज्युनियर जॉन्सनकडून बोलावणं आलं. माझ्याकडे ये, गाडी चालव, दहा लाख डॉलर घे. पैसे शोधायची, माणसं सांभाळायची, ट्रकच्या डिझेलची चिंता नाही. कुलविकी नाही म्हणाला. मॅक्सवेल हाउस ही कॉफीची कंपनी आपल्याला पैसे देणार अशी त्याला आशा होती. ती कंपनी शेवटी गेली कुणाकडे? जॉन्सनकडेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला होता.

१९९१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा गाडीवर मोठा प्रायोजक नाही. डेटोनाला लष्कराच्या रंगात धावला, नंतर नुसती पांढरी गाडी. मार्चमध्ये अटलांटात त्या पांढऱ्या गाडीने पात्रता फेरीत सगळ्यात कमी वेळ काढून पहिली जागा मिळवली. त्याच रेसला हूटर्स या उपाहारगृहांच्या साखळीने जी गाडी प्रायोजित केली होती, ती गाडी पात्रच ठरली नाही. रेसवर आपलं नाव दिसलं पाहिजे आणि सगळ्यात पुढे उभी असलेली गाडी कोरी आहे, तर आणखी कुठे जायचं? सौदा झाला आणि पुढे कायमचा झाला. याला नशीब म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ती कोरी गाडी पहिल्या जागेवर नसती तर तिच्याकडे कुणी बघितलंही नसतं.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. स्वतः प्रत्येक बोल्टवर नजर ठेवायचा आणि मनासारखं झालं नाही की तिथल्या तिथे सुनवायचा. माणसं यायची आणि जायची. रे एव्हरनम १९९२ च्या सुरुवातीला काही आठवडे त्याच्याकडे होता. पटलं नाही, निघून गेला, आणि पुढे जेफ गॉर्डन या नामवंत चालकाचा क्रू चीफ, म्हणजे गाडी आणि पिटमधली माणसं सांभाळणारा प्रमुख, म्हणून गाजला. टिकला तो क्रू चीफ पॉल अँड्र्यूज. त्याचं या कथेतलं काम पुढे येतंय. चालक-मालकाला असा एक तरी माणूस हवाच, ज्याला "तू चुकतोयस" म्हणायची सोय आहे आणि तसं म्हणूनही दुसऱ्या दिवशी जो कामावर येतो.

इथे माझी गोष्ट सांगतो. आमची सलून गाडी होती, चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरच्या ट्रॅकवर रेस. शुक्रवारी रात्री गाडी जॅकवर घेतली. उजवं मागचं चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गप्प असते. माझ्या तळव्याला बारीक खरखर लागली, वाळूवर बोट फिरवावं तशी. मेस्त्री म्हणाला, "भाऊ, बदलूया." नवा हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, आणायचा तर पैसे पुढच्या रेसच्या टायरमधून जाणार होते. मी म्हणालो, "दोन रेस काढेल हो." हे कोण बोललं? मालक बोलला. चालकाच्या हाताला खरखर लागली होती, पण त्याला मालकाने गप्प केलं. सहाव्या लॅपला बेअरिंग गेलं, चाक वाकडं झालं आणि मी वाळूत जाऊन बसलो. हब तर गेलाच, वर ब्रेकची डिस्क आणि कॅलिपरही गेले, म्हणजे वाचवलेल्या पैशांच्या चौपट. दोन टोप्या एका डोक्यावर असल्या की भांडण दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, आणि बहुतेक वेळा मालकच जिंकतो. कुलविकीच्या बाबतीत मला कुतूहल आहे ते याच भांडणाचं. त्याच्याकडे मालक चालकाच्या आड येत नव्हता. उलट हेल्मेटच्या आत बसून तोही रेसच करत होता.

आता १९९२. सप्टेंबरमध्ये डोव्हरला कुलविकी आपटला. गुणांमध्ये तो आघाडीवरच्या बिल एलियटपेक्षा २७८ ने मागे पडला आणि उरल्या होत्या सहा रेस. तेव्हाच्या पद्धतीत एका रेसला जास्तीत जास्त १८५ गुण मिळायचे, त्यामुळे सहा रेसमध्ये २७८ भरून काढणं म्हणजे वेडेपणा. स्वतः कुलविकीही तेव्हा आपलं संपलं असंच बोलला होता. पण पुढच्या रेसमध्ये एलियटच्या गाडीने एकामागून एक दगे दिले. कुलविकी मात्र मोठे विजय न मिळवता, गाडी न फोडता गुण गोळा करत राहिला. त्या वर्षी त्याचे विजय दोनच, ब्रिस्टल आणि पोकोनो. शेवटच्या रेसपूर्वी डेव्ही ॲलिसन ३९२८, कुलविकी ३८९८, एलियट ३८८८. आणि एलियट ज्या गाडीत बसत होता तिचा मालक कोण? ज्युनियर जॉन्सन.

कुलविकीने फोर्डची आणि नॅसकारची, म्हणजे या रेस भरवणाऱ्या संस्थेची, परवानगी घेऊन गाडीच्या नाकावरच्या 'थंडरबर्ड' या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं, T आणि H, काढून टाकली. उरलं 'अंडरबर्ड', म्हणजे दुबळ्या बाजूचा पक्षी. शार्लटमधल्या बड्या कारखान्यांपुढे आपण काय आहोत हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचीही त्याने जाहिरात करून घेतली.

रेस ३२८ लॅपची. दिग्गज चालक रिचर्ड पेटीची ती शेवटची रेस आणि जेफ गॉर्डनची पहिली, पण त्यात शिरलो तर रात्र होईल. ॲलिसनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. एर्नी अर्वनची गाडी त्याच्यासमोर फिरली, तो तिच्यावर आदळला आणि त्याचं स्वप्न तिथेच संपलं. उरले दोघे, एलियट आणि कुलविकी.

आणि कुलविकीच्या गाडीचा पहिला गिअर सुरुवातीच्या एका पिट स्टॉपलाच तुटला होता.

हे नीट समजून घे, कारण कथेचा जीव इथे आहे. अंडाकृती ट्रॅकवर एकदा वेग घेतला की गाडी चौथ्यातच राहते, पहिल्याची गरज फक्त पिटमधून निघताना. पहिला नाही म्हणजे दीड टनाची गाडी उभ्या जागेवरून चौथ्या गिअरमध्ये उचलायची. घरी एकदा करून बघ, क्लच जळाल्याचा वास चार दिवस जात नाही. मग उपाय काय? माणसांनी गाडी ढकलायची, आपण टॅक्सी ढकलतो तशी, आणि वेग आला की चौथ्यात टाकायची. त्यात तुटलेल्या दात्याचे तुकडे गिअरबॉक्समध्ये कुठे फिरतायत ते कळायला मार्ग नाही. एखादा तुकडा दुसऱ्या गिअरमध्ये अडकला की खेळ खलास. खोलून बघायला वेळ नाही. म्हणजे प्रत्येक पिट स्टॉप हा धोका. तरी पेट्रोलसाठी शेवटचा एक थांबा घ्यावाच लागणार होता.

आता गुणांचं गणित. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०. निदान एक लॅप पुढे राहिलास तर ५ जास्त. आणि सगळ्यात जास्त लॅप जो पुढे, त्याला आणखी ५. समज, एलियट जिंकला आणि कुलविकी दुसरा आला. दोघांनीही पुढे राहून पहिले पाच घेतलेत. एलियट १८०, कुलविकी १७५. मूळ अंतर दहाचं, त्यातले पाच गेले. आता ते सर्वाधिक लॅपचे पाच कुणाला? कुलविकीला मिळाले तर तोही १८० वर आणि दहाचं अंतर शाबूत. एलियटला मिळाले तर त्याचे १८५, दोघेही ४०७३ वर, बरोबरी. बरोबरीत ज्याचे विजय जास्त तो चॅम्पियन. एलियटचे पाच झाले असते, कुलविकीचे दोनच. म्हणजे शेवटच्या टप्प्यात रेस जिंकण्यापेक्षा महत्त्वाचं काम होतं पुढे राहिलेले लॅप मोजणं.

पॉल अँड्र्यूज ते मोजत होता. कुलविकी पुढे होता आणि पेट्रोल संपत आलं होतं. नेहमीचा क्रू चीफ म्हणाला असता, आत ये, उगाच जोखीम नको. अँड्र्यूजने मागे जाऊन हिशेब केला की आणखी किती लॅप पुढे राहिलो तर ते पाच गुण नक्की आपले, आणि तेवढे लॅप गाडी बाहेर ठेवली. आकडा गाठला, मगच आत घेतली. टायर बदलायचे नाहीत, फक्त पेट्रोल, म्हणजे ढकलायला जास्त हात आणि जास्त वेळ. गाडी सुटली, पण घाईत टाकीत पूर्ण पेट्रोल गेलं नाही. आता पुढे एलियट, मागे कुलविकी आणि पेट्रोल जेमतेम.

इथे चालक काय करेल? नवा चालक असेल तर पुढची गाडी दिसली की पाय दाबेल. तुझ्या वयाचा मी असतो तर दाबलाच असता. कुलविकीने पाय उचलला. एलियटला जाऊ दिलं, पेट्रोल वाचवलं आणि दुसरा आला. रेस जॉन्सनच्या गाडीने जिंकली. लॅपचा हिशेब, कुलविकी १०३, एलियट १०२. गुणांचा हिशेब ४०७८ विरुद्ध ४०६८. एक लॅप इकडचा तिकडे गेला असता तर दहा लाख डॉलर नाकारलेल्या माणसाला त्याच मालकाच्या गाडीने हरवलं असतं.

एक गोष्ट मला फार आवडते. रेस संपली, देशभर टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू आहे, सगळे कॅमेरे गाडीच्या खिडकीवर, आणि हा बाहेरच येईना. आत बसून केस विंचरत होता. लोक हसले. पण त्या क्षणी प्रायोजकाच्या टोपीखालचा चेहरा लाखो घरांत जाणार होता आणि ते पैसे पुढच्या वर्षीच्या इंजिनांचे होते. कंगवा हातात घेतला तो मालकाने.

चॅम्पियनपद त्याला फार दिवस मिरवता आलं नाही. १ एप्रिल १९९३ च्या रात्री प्रायोजकाच्या छोट्या विमानातून तो ब्रिस्टलच्या रेसला चालला होता. टेनेसीतल्या ब्लाउंटव्हिलजवळ, उतरायच्या बेतात असताना विमान पडलं. विमानातले चौघेही गेले. वय ३८. दुसऱ्या दिवशी पावसात त्याच्या टीमचा मोठा ट्रक, पुढच्या जाळीवर काळं पुष्पचक्र लावून, ब्रिस्टलच्या ट्रॅकवर सावकाश फिरला आणि घरी निघून गेला. त्या रविवारी रस्टी वॉलेस जिंकला आणि त्याने उलटी फेरी मारली. जुलैमध्ये डेव्ही ॲलिसनही हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्या हंगामाच्या शेवटी, अटलांटातच, रेस जिंकलेला वॉलेस आणि चॅम्पियन झालेला डेल अर्नहार्ट एकमेकांशेजारी उलटी फेरी मारत गेले, दोघांच्या हातात ७ आणि २८ क्रमांकाचे झेंडे. सात कुलविकीचा, अठ्ठावीस ॲलिसनचा. २०१९ मध्ये दोघांचाही नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये एकत्रच समावेश झाला.

त्याचं बघून इतरांनीही हे केलं का? केलं. रिकी रडने १९९४ ते १९९९ स्वतःची टीम चालवली आणि सहा रेस जिंकल्या, हे छान काम. बिल एलियटने १९९५ पासून सहा हंगाम स्वतःची टीम चालवली, विजय शून्य. दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर, २००१ मध्ये, तोच एलियट परत जिंकला. यातून जे समजायचं ते समज. जेफ बोडीनने कुलविकीची टीमच विकत घेतली, पण काही वर्षांत सोडली. कुलविकीनंतरचा पहिला चालक-मालक चॅम्पियन २०११ मध्ये झाला, टोनी स्ट्युअर्ट. पण त्याच्यामागे यंत्रसामग्रीचा कारखाना असलेला भागीदार होता. दोन माणसं आणि दोन इंजिनं घेऊन सुरू केलेल्या टीमचा जमाना संपला होता. आजचा डेनी हॅम्लिन टीमचा मालक आहे, पण स्वतः चालवतो दुसऱ्याच मालकासाठी. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

तेव्हा घरच्यांना सांग, केलंय एकाने. पण त्यांनी "किती जणांनी केलं?" असं विचारलं तर खोटं बोलू नकोस.

तुझ्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. पहिली, तुझ्या टीमचा पॉल अँड्र्यूज कोण, ते आधी ठरव. गाडी चालवताना तुला लॅप मोजता येणार नाहीत, पेट्रोल मोजता येणार नाही, पैसे तर मुळीच नाहीत. ते मोजणारा माणूस मित्र असला तर उत्तम, पण भिडस्त नको. दुसरी, प्रायोजकाकडे जाताना मागायला जाऊ नकोस, कोरी गाडी पहिल्या जागेवर नेऊन दाखव. आपल्याकडे नव्या टीम आधी स्टिकर छापतात आणि मग लॅप टाइम शोधतात. तिसरी, सुरक्षेच्या सामानाचे पैसे वेगळ्या डब्यात ठेव आणि त्या डब्याला मालकाने हात लावायचा नाही. माझं बेअरिंग आठव.

मी स्वतः आता चालवत नाही. भाचा चालवतो, मी पिटच्या भिंतीवर पेन्सिल आणि फळी घेऊन बसतो. पहिली दोन वर्षं हात नुसते शिवशिवायचे. आता तो वळणावर पाय उचलतो की दाबतो हे आवाजावरून कळतं आणि बिल किती येणार हेही कळतं. बिलाचं त्याला मी रेस संपल्यावरच सांगतो.

डिग्रीचं विचारलंस. कुलविकीने पदवी १९७७ मध्ये घेतली आणि पूर्णवेळ रेसिंगला त्यानंतर लागला. पदवीच्या काळातही शनिवार-रविवार तो ट्रॅकवर असायचाच. तुझं एक वर्ष राहिलंय, ते संपव. सेमिस्टरच्या सुट्टीत गॅरेजवर ये, जेवणाची सोय आहे, पगाराची नाही. येताना तुमच्या गाडीच्या मागच्या तीन रेसचे लॅप चार्ट घेऊन ये, छापील नको, हाताने मांडलेले. मांडलेच नसतील तर तसं सांग, पहिल्या दिवशी आपण तेवढंच करू.